टायटल फाइव्हचा ‘पास’ आणि गावच्या कचेरीतली फाइल: मॅसॅच्युसेट्समध्ये सेप्टिकचं घर घेण्याआधी

बॉस्टनच्या पश्चिमेला आणि वायव्येला शाळा बघून घर शोधणारी मराठी कुटुंबं ॲक्टन, वेस्टफर्ड, बॉक्सबरो, कार्लाइल या गावांपर्यंत पोचतात, तेव्हा एक गोष्ट नव्याने समोर येते. इथल्या बहुतेक घरांना गावाचं ड्रेनेज नाही. घरातलं सगळं सांडपाणी आवारातल्या टाकीत जातं आणि तिथून आवारातल्याच जमिनीत मुरतं. कोकणात किंवा गावाकडे शोषखड्डा पाहिलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. नवल पुढच्या गोष्टीचं आहे. या खड्ड्याची जन्मपत्रिका गावाच्या कचेरीत ठेवलेली असते, आणि घर विकताना त्याची तपासणी करावीच लागते. या नियमाचं नाव टायटल फाइव्ह. आजच्या स्वरूपात तो १९९५ पासून लागू आहे.

खरेदीदाराच्या हातात दोन सेवा येतात. एक म्हणजे परवानाधारक तपासनिसाचा अहवाल. त्याचे काहीशे डॉलर बहुतेक वेळा विकणारा भरतो. दुसरी म्हणजे गावच्या बोर्ड ऑफ हेल्थमधली त्या घराची फाइल, जी फुकट किंवा झेरॉक्सच्या खर्चात मिळते. आमचा कौल आधीच देऊन टाकतो: अहवालाला पाचपैकी तीन, फाइलला साडेचार. होतं मात्र उलटंच. अहवालावरचा ‘पास’ बघून लोक सुटकेचा श्वास सोडतात आणि फाइल मागवतच नाहीत.

गुण असे का दिले, ते कळण्यापुरती रचना सांगतो. घरातून निघालेला पाइप टाकीत येतो. जड गाळ तळाशी बसतो, तेल-तूप वर तरंगून जाड थर धरतं आणि मधलं पाणी आउटलेटच्या टी-पाइपमधून डी-बॉक्समध्ये जातं. डी-बॉक्स ही पाणी सारखं वाटून देणारी छोटी पेटी. तिथून ते खडीत पुरलेल्या भोकांच्या पाइपांत किंवा प्लास्टिकच्या चेंबरांत, म्हणजे लीच फील्डमध्ये, आणि शेवटी मातीत उतरतं. टी-पाइप, डी-बॉक्स, अगदी टाकीसुद्धा बदलणं त्या मानाने सोपं. लीच फील्ड बदलायचं म्हटलं की मातीची चाचणी, इंजिनिअरचा आराखडा, नवं परमिट आणि सगळ्या अंगणाची उलथापालथ आली. खर्च पाच आकडी डॉलरांत जातो.

आणि तपासणीच्या अधिकृत फॉर्मवर प्रश्न विचारलाय तो असा: लीच फील्ड वगळता बाकीचे सगळे भाग जागेवर सापडले का? सगळ्यात महागडा भाग उघडून बघायची सक्तीच नाही. त्याचं मोजमाप जुन्या कागदांवरून लिहिलं तरी चालतं. अहवालाचे दोन गुण आम्ही इथेच कापले.

अहवाल काय नीट करतो

फेल ठरवायच्या कसोट्या स्पष्ट आहेत आणि त्यात तपासनिसाच्या मर्जीला फारसा वाव नाही. घरात मैलापाणी उलटं येणं, अंगणात वर येऊन साचणं, डी-बॉक्समधली पातळी आउटलेटच्या वर असणं, पाइप तुंबलेला नसताना वर्षात चारपेक्षा जास्त वेळा उपसा करावा लागणं, लीच फील्डचा कुठलाही भाग भूजलाच्या कमाल पातळीखाली असणं: यातलं एक जरी निघालं तरी फेल. खासगी विहीर ५० फुटांच्या आत असेल तरी फेल. ५० ते १०० फुटांच्या मध्ये असेल, तर विहिरीच्या पाण्याचा लॅब रिपोर्ट समाधानकारक लागतो. इथे विहीर म्हणजे शेजाऱ्याचीसुद्धा. कार्लाइलसारख्या गावात प्रत्येक घराची स्वतःची बोअर असते, तिथे कुंपणापलीकडेही टेप धरावा लागतो.

निकाल चार प्रकारचे असतात: पास, कंडिशनल पास, फेल आणि ‘बोर्डाने आणखी तपासावं’. कंडिशनल पासला घाबरायचं कारण नाही. बहुतेकदा डी-बॉक्सचं काँक्रीट खाल्लं गेलेलं असतं किंवा एखादा पाइप फुटलेला असतो. टाकीतल्या गॅसमुळे काँक्रीट झिजणं हे इथलं नेहमीचं दुखणं आहे; बोर्डाच्या मंजुरीने तो भाग बदलला की निकाल पास होतो. लोखंडी टाकी मात्र २० वर्षांच्या आतली असल्याचा दाखला नसेल, तर ती बदलावीच लागते.

पास म्हणजे काय, हे अहवालाच्या सहीच्या पानावरच लिहिलेलं असतं: हे वर्णन तपासणीच्या दिवसाचं आणि त्या दिवशीच्या वापराचं आहे, पुढे ही यंत्रणा कशी चालेल याबद्दल ते काही सांगत नाही. वकिली शब्द म्हणून लोक ही ओळ सोडून देतात. आमच्या मते सबंध कागदात सगळ्यात प्रामाणिक ओळ तीच.

पानापानावर काय वाचायचं

आधी पाण्याचा हिशेब. फॉर्ममध्ये मागच्या दोन वर्षांच्या मीटरचं रीडिंग मागितलेलं असतं. बिलातलं एकक शंभर घनफुटांचं असेल, तर एका युनिटचे ७४८ गॅलन धरा. समजा दोन वर्षांत ८८ युनिट वापरली गेली. ८८ गुणिले ७४८ म्हणजे ६५,८२४ गॅलन; भागिले ७३० दिवस, म्हणजे रोजचे ९० गॅलन. चार बेडरूमचं घर असेल तर टायटल फाइव्हनुसार डिझाइन बेडरूममागे ११० प्रमाणे ४४० गॅलनचं. मुलं बाहेरगावी गेलेलं वयस्क जोडपं घर विकतंय, त्यांच्या ९० गॅलनवर यंत्रणा पास झाली. तुम्ही चौघं आणि सहा महिने मुक्कामाला आलेले आई-बाबा मिळून सहा जणांचे माणशी ५५ धरले तरी ३३० होतात. या लीच फील्डने एवढा भार गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. तो भार ते पेलेलही. पण अहवालाने ते सिद्ध केलेलं नाही. बोअरच्या घरात मीटर नसतो आणि ही जागा कोरी असते. तिथे राहणाऱ्या माणसांची संख्या आणि घर शेवटचं कधी वापरात होतं, या दोन नोंदींवर भागवायचं.

मग ‘मागच्या दोन आठवड्यांत कुठला भाग उपसला का’ आणि ‘मागच्या दोन आठवड्यांत नेहमीइतका वापर होता का’ ही दोन उत्तरं. विकणारा कधी चांगल्या हेतूने, कधी एजंटच्या सल्ल्याने तपासणीच्या आठवडाभर आधी टाकी उपसून घेतो. १,५०० गॅलनची टाकी रोजच्या २२० गॅलनने भरायला जवळजवळ सात दिवस लागतात. तोवर डी-बॉक्सकडे थेंबही जात नाही, लीच फील्ड सुकतं आणि साचलेलं पाणी ओसरतं. अशा वेळी डी-बॉक्समधली पातळी छान दिसते, पण ती काही सांगत नाही. रिकाम्या पडलेल्या घराचीही हीच गत. पहिल्याचं उत्तर ‘हो’ किंवा दुसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर नेहमीचा वापर सुरू झाल्यावर डी-बॉक्स पुन्हा उघडून दाखवण्याची मागणी करा.

टाकीतली पाण्याची पातळी आउटलेटच्या तळाशी जुळलेली हवी. त्याखाली असेल आणि उपसा झालेला नसेल, तर टाकी गळते आहे. वर असेल तर पुढे कुठेतरी अडलंय. गाळाचा वरचा थर आउटलेट टीच्या टोकापासून १२ इंचांवर किंवा त्याहून जवळ आला असेल, किंवा तरंगत्या थराचा तळ त्या टोकापासून दोन इंचांच्या आत उतरला असेल, तर उपशाची वेळ उलटून गेलीय. मग गाळ लीच फील्डमध्ये किती गेला, हा खरा प्रश्न. जुन्या टाक्यांत टीऐवजी काँक्रीटचे आडोसे, म्हणजे बॅफल, असतात. ते झडून पडले की तरंगतं तेल-तूप थेट पुढे सरकतं. ‘टी किंवा बॅफल’च्या ओळीत ‘गायब’ असं लिहिलं असेल, तर फक्त टी बदलून समाधान मानू नका. किती वर्षं तशीच होती, ते उपशाच्या नोंदींवरून शोधा.

सिंकखाली कचरा दळणारं यंत्र आहे का, हाही प्रश्न फॉर्मवर आहे. असं यंत्र धरून केलेल्या डिझाइनला दोन कप्प्यांची टाकी आणि मोठं लीच फील्ड लागतं. आराखड्यात तसं नसेल आणि स्वयंपाकघरात यंत्र असेल, तर ते काढून टाका. आपल्या स्वयंपाकात तळणीचं तेल आणि तूप काही कमी नसतं. त्यात भाजीच्या देठांचा लगदा कशाला!

भूजलाच्या पातळीचा आकडा कुठून आणला, ती पद्धतही टिकमार्क करून दिलेली असते. ‘मंजूर आराखड्यावरून’ असेल आणि आराखडा १९९५ नंतरचा असेल तर चांगलं. अशा आराखड्यात मातीच्या खड्ड्याची नोंद असते आणि मातीतले गंजासारखे ठिपके कुठल्या खोलीवर सुरू होतात ते लिहिलेलं असतं. वसंतात पाणी कुठवर चढतं, याची ती खूण. कोरड्या ऑगस्टमध्ये खड्डा बघून लिहिलेला आकडा त्या तोडीचा नाही.

फाइल कशी मागायची

ऑफर स्वीकारली गेली त्याच दिवशी बोर्ड ऑफ हेल्थला ईमेल टाका. राज्याच्या कायद्यानुसार सार्वजनिक कागदपत्रांच्या मागणीला कामकाजाच्या दहा दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि ऑफरमधली तुमच्या घर-तपासणीची मुदत त्याहून कमी असू शकते. पत्त्याबरोबर असेसरच्या, म्हणजे करासाठी घराचं मूल्य ठरवणाऱ्या गावच्या कचेरीच्या, नोंदीतला मॅप आणि लॉट क्रमांक जरूर द्या. जुन्या रस्त्यांचे घरक्रमांक बदललेले असतात आणि फाइल कधी कधी लॉटच्या नावाने पडलेली असते. ‘सेप्टिकची माहिती द्या’ असं लिहिलं तर फक्त शेवटचा अहवाल येतो. नावानिशी मागा: मातीची आणि पर्क चाचणीची (माती पाणी किती वेगाने शोषते त्याची) नोंद, मंजूर आराखडा, बांधकामाचं परमिट, अ‍ॅज-बिल्ट नकाशा (प्रत्यक्ष काय कुठे बसवलं त्याचा), सर्टिफिकेट ऑफ कम्प्लायन्स (काम नियमाप्रमाणे पुरं झाल्याचा दाखला), सगळे जुने तपासणी अहवाल, उपशाच्या नोंदी, बोर्डाचा पत्रव्यवहार. काही गावांनी हे सगळं स्कॅन करून वेबसाइटवर ठेवलंय, काही ठिकाणी कपाटातली पिवळी पडलेली कार्डं आहेत. फाइलचा अर्धा गुण गेला तो या लहरीपणामुळे.

या कागदांत सर्वांत आधी बघायचा तो बेडरूमचा आकडा. जाहिरातीत किती, असेसरच्या कार्डावर किती, सेप्टिकच्या परमिटवर किती? जाहिरातीत चार आणि परमिटवर तीन, हा नेहमीचा घोळ. एजंट म्हणतो, चौथी ‘ऑफिस’ म्हणून धरा. टायटल फाइव्हची व्याख्या मात्र खोलीला काय नाव दिलंय ते बघत नाही: एकांत देणारी, मुख्यतः झोपायच्या उद्देशाची, निदान ७० चौरस फुटांची, खिडकी-वीज-वायुवीजन असलेली खोली म्हणजे बेडरूम. घरात बाथरूम, पॅसेज वगैरे सोडून आठपेक्षा जास्त खोल्या असतील, तर एकूण खोल्यांना दोनने भागून खालचा पूर्णांक बेडरूम म्हणून धरला जातो. नऊ खोल्यांच्या चार, दहाच्या पाच. बेसमेंटमध्ये आई-बाबांसाठी एक खोली काढली आणि नवाच्या दहा झाल्या, की चार बेडरूमची यंत्रणा कागदावर अपुरी ठरते. तुम्ही तिथे फक्त कपड्यांचं कपाट ठेवलं तरी. आधीच्या मालकाने बेसमेंट परमिटशिवाय सजवलं असेल, तर ते लफडं घराबरोबर तुमच्याकडे येतं. म्हणून बिल्डिंग विभागाची फाइलही याच फाइलच्या शेजारी ठेवून वाचायची.

‘लोकल अपग्रेड अप्रूव्हल’ असं शीर्षक असलेला कागद दिसला तर थांबा. जुनी यंत्रणा बदलताना जागा पुरली नाही म्हणून बोर्डाने अंतरात किंवा भूजलापासूनच्या उंचीत सूट दिलेली असते. घर आहे तसं राहील तोवर ती यंत्रणा पूर्ण कायदेशीर आहे. पण ही सूट वाढीव वापरासाठी नसते. त्या घरात आणखी एक बेडरूम काढायचा विचार सोडून द्या. बेडरूमच्या संख्येची मर्यादा कधी थेट मालकीहक्काच्या दस्तात नोंदवलेली असते. ती बोर्डाकडे सापडेलच असं नाही, रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये बघावी लागते.

परमिट आहे पण सर्टिफिकेट ऑफ कम्प्लायन्स नाही, असंही निघतं. काम झालं, खड्डा बुजला, शेवटची सही राहून गेली. बांधकामाचं परमिट तीन वर्षांसाठी असतं; दहा-बारा वर्षांपूर्वीचं अर्धवट परमिट आपोआप पुरं होत नाही. हे क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा होण्याच्या, आधी विकणाऱ्याकडून मिटवून घ्या. आराखडा काढणारा आणि बसवणारा दोघांनी बांधकाम आराखड्याप्रमाणे झाल्याचं लिहून द्यावं लागतं, आणि नंतर त्या दोघांना शोधत फिरणं तुमच्या नशिबी येतं.

फाइलमधली सगळ्यात मोठी धोक्याची खूण ओळखायला इंजिनिअर लागत नाही, तारखा लावल्या की पुरे. एक फेल अहवाल, काही महिन्यांनी दुसऱ्या तपासनिसाचा पास अहवाल, आणि मध्ये दुरुस्तीचं परमिट नाही. तपासनिसाने अहवाल ३० दिवसांत बोर्डाला द्यायचा असतो, त्यामुळे असा फेल कागद फाइलमध्ये राहतो, विकणाऱ्याने दाखवला नाही तरी. टाकी उपसणाऱ्यालाही प्रत्येक उपशाची नोंद १४ दिवसांत द्यावी लागते. वर्षा-दोन वर्षांनी एक नोंद ही चांगल्या घराची खूण. मार्च-एप्रिलमध्ये लागोपाठ दोन-तीन नोंदी दिसल्या, तर बर्फ वितळल्यावर भूजल चढून लीच फील्ड पाणी घेत नसेल. वर्षातल्या चार उपशांचा आकडा ओलांडला नाही म्हणून अहवालात ते पास होतं. अहवाल आणि फाइल शेजारी ठेवल्याशिवाय ते दिसत नाही.

१९६०-७० च्या दशकातल्या घरांची फाइल कधी एका हाताने काढलेल्या रेघोट्यांवर संपते. कागद नाही म्हणून घर सोडायचं कारण नाही, पण मग किंमत ठरवताना लीच फील्डचं आयुष्य संपत आलंय असंच धरा आणि नव्याला जागा आहे का ते इंजिनिअरला विचारा. लॉट छोटा, मागे पाणथळ जागा आणि बाजूला विहीर असेल, तर टाकीपेक्षा मोकळी जागाच मोलाची ठरते.

मुदती, पैसे आणि एक गैरसमज

तपासणी विक्रीच्या आधी दोन वर्षांपर्यंतची चालते. दर वर्षी उपसा झाल्याच्या नोंदी असतील तर तीन वर्षांपर्यंतची. हवामानामुळे जमली नाही तर विक्रीनंतर सहा महिन्यांत करता येते, पण खरेदीदाराने ही सवलत देऊ नये. जमीन गोठलीय म्हणून झाकण उघडलं नाही, हा धोका सगळा तुमच्या पदरात पडतो.

फेल झालेलं घर विकताच येत नाही, हा गैरसमज. नियम तपासणीची सक्ती करतो, पासची नाही. फेल यंत्रणा दुरुस्त करायला साधारण दोन वर्षं मिळतात, आणि किंमत त्या हिशेबाने उतरवता येते. कर्ज देणारी बँक काय म्हणते ते आधी विचारा. अनेकदा दुरुस्तीच्या अंदाजित खर्चापेक्षा जास्त रक्कम बाजूला ठेवायला सांगतात. मुख्य राहतं घर असेल, तर दुरुस्तीच्या खर्चाच्या ६० टक्के, एकूण १८,००० डॉलरपर्यंत, राज्याच्या आयकरात सूट मिळते; वर्षाला जास्तीत जास्त ४,०००. हे आकडे २०२३ पासूनचे आहेत. जुन्या पानांवर ६,००० दिसले तर गोंधळू नका.

केप कॉडवर सुट्टीचं घर बघत असाल, तर २०२३ मध्ये आलेले नायट्रोजनचे नियम वेगळे वाचा. गावाने पाणलोटाच्या परमिटची (पाणलोटातला नायट्रोजन गावानेच कमी करायच्या योजनेची) वाट धरली नसेल, तर नायट्रोजन काढणारी यंत्रणा बसवायचा बोजा घरमालकावर येऊ शकतो. अशी यंत्रणा आधीच असेल तर तिचा देखभालीचा करार आणि नमुन्यांचे लॅब रिपोर्ट मागा. विजेवर चालते, दर वर्षी खर्च आहे. आणि न्यू जर्सीत बघणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे जुना सेसपूल (टाकीविना सांडपाणी थेट मुरवणारा खड्डा) असलेलं घर विकताना २०१२ पासून तो बदलावाच लागतो. मॅसॅच्युसेट्समध्ये सेसपूल आपोआप फेल ठरत नाही, त्यामुळे तो ‘पास’ होऊन तुमच्या नावावर येऊ शकतो.

फाइलमधला अ‍ॅज-बिल्ट नकाशा मात्र व्यवहार झाल्यावर वकिलाच्या गठ्ठ्यात घालू नका. त्यावर घराच्या दोन कोपऱ्यांपासून टाकीच्या झाकणापर्यंतची अंतरं लिहिलेली असतात. त्याची एक प्रत गॅरेजच्या भिंतीवर लावा. फेब्रुवारीत उपशाचा ट्रक दारात उभा असताना दोन फूट बर्फात फावडं मारत झाकण शोधावं लागणार नाही.